माझी कापलेली पिन

मित्रांनो, कडेगावात चांदसाहेबांच्या दुरुस्तीच्या टेबलावर तीस वर्षं बसलेला, पत्र्याच्या अंगाचा जुना ऑसिलोस्कोप मी. वीज डोळ्यांना दिसत नाही, पण माझ्या काचेवर तिची लाट दिसते. एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे पळतो, परततो, पुन्हा पळतो. त्याला थांबणं ठाऊक नाही, म्हणून मलाही नाही.

मी घडलो तेव्हा माझ्या वायरीला तीन पिना होत्या. तिसरी जाड पिन अर्थिंगची, अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत नेणारी. पुढं ऊसवाल्यांच्या पंपाच्या मोटारींची पॅनेलं दुरुस्तीला येऊ लागली. माझ्या मोजायच्या वायरीचा चिमटा आतून त्याच पिनेशी जोडलेला. तो चालू फेजला, म्हणजे वीज वाहणाऱ्या तारेला, लावला की भडका उडे. चांदसाहेबांनी पकडीनं पिनच कापून टाकली. भडका थांबला, तालुकाभर वाहवा झाली. पण तेव्हापासून चिमटा फेजला लागला की ती वीज माझ्या पत्र्यावर घुटमळते. कुणी जवळ आलं की माझा जीव खालीवर होतो.

आता दुकान त्यांची लेक रुमाना बघते. क्षणभर येऊन पळणारा बिघाड माझ्या काचेवर ठरत नाही. डिजिटल यंत्र तो धरून ठेवतं. म्हणून साताऱ्याचा विक्रेता ऋषिराज दोन यंत्रं घेऊन आला. रुमानानं त्याला बिघाड दाखवायला पॅनेल सुरू केलं आणि माझा चिमटा फेजला लावला.

"ह्यो मोठा घे," चांदसाहेब म्हणाले. "थेटरावानी पडदा हाय! त्यो बारका म्हंजे चटणीचा डबा."

"चाचा," ऋषिराज म्हणाला, "बारका बॅटरीवर चालतो. अंग प्लॅस्टिकचं, फेजची वीज बाहेर येतच न्हाई. तुमच्या कामाला ह्योच बरा."

"मोठ्याचीबी पिन कापू की! ह्यो म्हातारा बिनपिनीचाच चालतोय. मेलं का कोण?" म्हणत त्यांनी पकड उचललीसुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या भामाबाई ओल्या हातांनी स्टीलच्या ताटात चहा घेऊन आल्या. एरवी चहाच्या वेळी पॅनेल बंद असे. टेबलावर जागा नव्हती, म्हणून रोजच्यासारखं ताट माझ्या डोक्यावर टेकवायला त्या वाकल्या. वीतभर अंतर राहिलं. मग चार बोटं.

"मावशी, मागं व्हा!" रुमानानं मेन स्विच खाली ओढला.

ठिपका विझला. ग्लास कलंडले.

"अगं बया! च्या हाय, बाँब न्हवं!"

"बाँब टेबलावर हाय, मावशी. हात लागला असता तर तुमी उठला नसता."

भामाबाई ताट घेऊन दोन पावलं मागं सरल्या. चांदसाहेब त्यांच्या ओल्या बोटांकडं बघत राहिले.

"लय वरसं च्या पाजला ह्या बाईनं मला," ते पुटपुटले. मग म्हणाले, "बारका घे, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला तीन पिनांची वायर जोडली. फेजची कामं आता बारका करतो. माझ्याकडं कमी व्होल्टची सर्किटची कार्डं येतात. तरी कुणाची सावली पडली की अजून मी दचकतो.

मित्रांनो, तुमच्या घरी इस्त्रीची किंवा मिक्सरची जाड पिन भोकात बसत नाही म्हणून कुणी पकड उचलली, तर त्याचा हात धरा. आम्हां यंत्रांना माणूस ओळखता येत नाही. जो हात लागेल त्यातून वीज जाते, मग तो हात चहा देणारा का असेना.