पाठीवर बांधायची टोपली

मी टोपली बोलते आहे. डोक्यावर घ्यायची नव्हे, पाठीवर बांधायची. १९५४ च्या उन्हाळ्यात चांदा जिल्ह्यातल्या आरमोरीला पत्रू बुरुडाने मला विणलं.

मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकांच्या माना ओझ्याने अवघडतात, हे पाहून त्याला मी सुचले. खांद्यांत अडकवायला त्याने मला दोन पट्टे लावले. त्या साली जंगल खात्याच्या परवान्यावर त्याला चाळीस बांबू मिळाले होते. त्यांची सुपं विणली की वर्ष निघायचं. पण मी लोकांना पसंत पडले, तर सगळ्या बांबूंच्या पाठटोपल्याच करायच्या, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याने मला आठवडी बाजारात नेलं. विकायला नव्हे, विचारायला. "असी टोपली केली तं घ्याल का?"

बाजाराला आलेला पोचू खदखदून हसला. "पत्रूभाऊ, याच्यात बायकोले बसवून सासुरवाडीले नेतं का?" पण लगेच म्हणाला, "चांगली आहे गा. घेईन ना." लालसू हो म्हणाला, नथ्थूही हो म्हणाला. आपल्या हातचं काम घेऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. मला मात्र कुणी उचलूनसुद्धा पाहिलं नाही. पत्रू प्रत्येक होकाराला सुंभाला गाठ मारत होता. घरी येईपर्यंत एकवीस गाठी झाल्या.

"हे तं सारे बाप्ये," त्याची बायको सुकरी म्हणाली. "मोह कोन वेचते? एक दिवस सोमारीले वापराले द्या."

सोमारी जवळच्या जंगलातल्या गावची, मोह वेचणारी. पहाटे तिने मला उचललं आणि ती थबकली. तिच्या पाठीवर तान्ही लेक बांधलेली होती. तिने लेकीला पोटाशी घेतलं, मला पाठीवर. ती वाकली की पोर चेंगरायची आणि माझ्यातली फुलं तिच्याच डोक्यावरून खाली सांडायची. शेवटी तिने मला डोक्यावर घेतलं. माझे पट्टे तिच्या तोंडापुढे लोंबत राहिले.

मला वाटलं, आता ही खरं सांगेल. पण संध्याकाळी ती म्हणाली, "लय चांगली आहे, भाऊ."

पत्रूने बाविसावी गाठ मारायला सुंभ हातात घेतलं. बांबू फोडायचा कोयता धार लावून तयारच होता. आता चाळीसही बांबू माझ्यासारख्या टोपल्यांत जाणार होते.

"मंग उद्या इलेच नेशील ना, सोमारी?" सुकरीने विचारलं.

लेकीच्या गालावर माझ्या पट्ट्याचा वळ उठला होता. सोमारी तो पदराने झाकू लागली.

पत्रूने ते पाहिलं. सुंभ खाली ठेवलं. "दुखलं का वं पोरीले?" एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने चाळीसही बांबू सुपांसाठी फोडले.

घर वाचलं. पण त्यानंतर पत्रूने नवं काही करून पाहिलं नाही. माझ्यात आता कोंबडी अंड्यांवर बसते.

तुमच्या हाती कुणी असं काही दिलं, तर त्याचं मन राखू नका. कुठे रुततं ते दाखवा. पत्रूच्या हाताला दुरुस्ती येत होती, ती मागणारं कुणी भेटलं नाही.