हाताला जोर नाही

आईच्या नळाला पाणी येतं, असं म्हणणं म्हणजे नळाची भीड ठेवणं झालं. सुतळीएवढी धार, तीही मध्येच तुटायची. एक पातेलं विसळायचं तर आई सिंकला टेकून उभी राहायची आणि पाणी साठेपर्यंत मोकळ्या हातात एक रबरी चेंडू दाबत राहायची.

लेक आली होती आईचं शिलाई मशीन न्यायला. धाकट्या भावाचा निरोप होता, की आईची बोटं गेली, मशीन उगाच जागा अडवतंय, तुला हवं तर ने. या मशीनवर आईने दोघांना वाढवलं होतं. जाड कापडाला कात्री लावायची तर शेजारचा शिंपीसुद्धा आईकडे यायचा. त्या हातांना काय झालं, हे लेकीला कळेना.

आईने सांगितलं आणि लेकीच्या हातातला चहा तसाच राहिला. राजाचं, म्हणजे भावाचं, म्हणणं असं की नळ उत्तम आहे, आईच्या हातालाच जोर नाही, म्हणून नळ पुरता फिरत नाही. चेंडू त्यानेच आणून दिला होता. सून हसून म्हणाली होती, नाचता येईना अंगण वाकडं. वर्ष होत आलं, आई चेंडू दाबत होती, आल्यागेल्याला स्वतःच सांगत होती, की माझे हात आता कामाचे नाहीत हो.

लेकीने उठून नळ फिरवला. पार शेवटपर्यंत फिरला. धार सुतळीएवढीच.

मग तिने नळाच्या तोंडाची जाळी काढली. थोडा पांढरा थर होता, तो जुन्या ब्रशने घासला. जाळी न लावताच नळ सोडला, तरी धार तीच. म्हणजे पाणी नळापर्यंतच नीट पोचत नव्हतं. ती पदर खोचून सिंकखाली शिरली. तिथे पाइपला छोटा कॉक होता, जवळजवळ पूर्ण बंद केलेला. आणि त्याची मूठ तारेने पाइपला आवळून बांधली होती. पीळ नीट घातलेले, टोकं आत दुमडलेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर, राजाच्या बिऱ्हाडात, नवा शॉवर बसला होता. खाली कोणी नळ सोडला की शॉवरचं पाणी कमी होतं, असं राजाच फोनवर कुरकुरला होता. तेव्हा ती बिचाऱ्याची कीव करून बसली होती. आईच्या तोंडचं पाणी पळवून वर तिलाच लुळी ठरवणारा हा भाऊ, आणि आपण त्याच्या सांगण्यावरून मशीन न्यायला आलो, याचीच तिला जास्त लाज वाटली.

"बॅग भर. माझ्याकडे चल," ती आईला म्हणाली.

"मी का जाऊ?" आई म्हणाली.

आईने वाकून तार पाहिली, बराच वेळ पाहिली. लेकीने पकडीने तार तोडली, पण वर्षभर न हललेला कॉक घट्ट बसला होता. दोनदा तिचा हात सटकला. मग आईने तिला बाजूला सारलं, फतकल मारून बसली आणि मूठ धरली. बोटांच्या शिरा वर आल्या. कॉक कुरकुरला आणि फिरला. वर नळ उघडाच होता, पाणी असं कोसळलं की सिंकबाहेर शिंतोडे उडाले.

वरून कोणीतरी ओरडलं. मग जिन्यात पावलं वाजली. राजा कमरेला टॉवेल आणि डोक्यावर फेस घेऊन दारात उभा राहिला.

"खालचा कॉक कोणी उघडला?"

कॉकचं नाव अजून कोणीच काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. लेक तोंड उघडणार, तोच आईने ओला हात वर करून तिला थांबवलं. दुसऱ्या हाताने तिने चेंडू उचलला आणि राजाच्या हातात दिला.

"वर पाणी कमी येतंय का रे? तुझ्या हाताला जोर नसेल. दाबत जा."

मग ती लेकीकडे वळून म्हणाली, की मशीन कुठेही जाणार नाही, तेलाची बाटली तेवढी शोधून दे. आणि नळ पूर्ण सोडून तिने पातेलं विसळायला घेतलं, अगदी सावकाश.