'ए'चा वर्ग

पेन्सिलीचं टोक दोनाच्या शेपटीवर मोडलं. वर्ग... परत वर्गच. मेघालीने खोडरबर उचलला, पण खोडायला चूक सापडेना.

बोईसरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला सहा वर्षं झाली होती, आणि गेल्या आठ दिवसांत हे गणित ती अकराव्यांदा मांडत होती. पहिली पायरी जलद – 'ए'चे दोन रेणू जुळतात, सुटतात. दुसरी संथ – ती जोडी 'बी'ला भिडते, माल होतो, एक 'ए' मोकळा होतो. वेग ठरवते ती संथ पायरी. जोडीची संहती, म्हणजे मिश्रणातलं तिचं प्रमाण, पहिल्या पायरीच्या समतोलातून काढून घातली की उरतो 'ए'चा वर्ग. म्हणजे 'ए' दुप्पट ओतला तर वेग चौपट, उष्णताही चौपट वेगाने... हे तिने उत्पादन बघणाऱ्या शैलेश सरांना 'ए' दुप्पट घालायच्या बॅचच्या आदल्या दिवशी दाखवलं होतं. "एकूण समीकरण बघ ना, मेघाली. एकास एक. दुप्पट तर दुप्पट, तेवढं कूलिंग आहे आपलं," ते कागदाकडे न बघताच म्हणाले, आणि बॅचशीट पुढे सरकवली. 'तपासले'समोर तिने सही केली. का केली? पालघरची बस सुटत होती म्हणून, की ते हसतील म्हणून...

बॅच तापून भडकली तेव्हा रिॲक्टरपाशी ऑपरेटर सुजीत होता.

आज सकाळी दवाखान्यात त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांशेजारी त्याची बायको जिवली बसली होती.

"मॅडम, सायेब बोलतात, यानंच पानी उशिरा सोडलं. खरं हाय?"

"नाही."

"मंग तुमाला आदीच मायती होतं?"

"गणितात दिसत होतं... मी सरांना बोलले होते."

"आनि याला?"

मेघाली उठून आली होती.

उद्या चौकशी. ऑपरेटरची चूक एवढंच बोल, असं सरांनी दुपारी बजावलं होतं. आठ दिवस तिने त्यांचा मनापासून तिरस्कार केला – त्यावरच जगली म्हणा ना. पण आता अकराव्या उत्तराकडे बघताना तिला कळलं की ती इतके दिवस स्वतःची चूक शोधत होती. एखादी तरी निघावी, म्हणजे आपल्यालाही काही माहीत नव्हतं असं म्हणता येईल... कागद न बघितलेल्या सरांना ते म्हणता येणार होतं. तिला नाही. तिरस्कार कुठे गेला कोण जाणे. त्याच्या जागी काहीतरी गार, जड येऊन बसलं, आणि ते कोणावर ढकलताही येईना.