उघडं लोखंड

बाबा कागदाची घडी नेहमी खाली घ्यायचे. मेणकागदाची शेवटची कड बंदुकीच्या नळीखाली दाबली गेली पाहिजे, म्हणजे हवेला शिरायला वाट राहत नाही. पत्र्याची पेटी उघडली तर घडी वर होती.

थोरली लेक पेटीसमोर उकिडवी बसून राहिली. पेटी उघडायचं खरं कारण ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. त्या अधूनमधून कढईत कोरड्या गरम करून पुन्हा ठेवाव्या लागतात. बाबा गेल्यापासून हे काम तिच्याकडे आलं होतं. तिनंच मागून घेतलं होतं म्हणा ना.

बाबा बंदुका दुरुस्त करायचे, क्वचित एखादी नवी घडवायचे. ते गेले तेव्हा पोलीस येऊन दुकानातल्या सगळ्या तयार बंदुका घेऊन गेले. ही राहिली, कारण ही बंदूक नव्हतीच अजून. नळी, चाप, घोडा, सगळं सुटं. घासून आरशासारखं केलेलं, पण वरची निळी झाक द्यायची राहिलेली. असं उघडं लोखंड तान्ह्या पोरासारखं, बाबा म्हणायचे, नुसत्या हवेनंही आजारी पडतं. आधी ऊब देऊन कोरडं करायचं, मग तेल, मग ग्रीसचा जाड थर, मग मेणकागद. चामड्यात नाही, कापडात नाही, ती ओल धरून ठेवतात. आणि उघडा हात तर मुळीच लावायचा नाही.

त्यातही तिच्या धाकट्या भावाचा हात. त्याच्या घामात काय होतं कोण जाणे, त्यानं सकाळी धरलेली कानस संध्याकाळी तांबूस दिसायची. "आला खाऱ्या! लोखंडं झाका रे!" बाबा ओरडायचे. तेच नाव पडलं. खाऱ्या स्वतःही हसायचा, हात पाठीमागं बांधून कामाच्या टेबलाजवळ उभा राहायचा, आणि तसाच उभा राहून अर्धं काम शिकला.

तिनं कागद सोडला. ग्रीस पुसलेलं होतं, वर घाईनं तेलाचा हात फिरवलेला. आणि नळीवर चार तांबडे ठसे. पलीकडच्या बाजूला अंगठा. ताजा गंज, फडक्याला लागलीच उतरला.

बाबांची आठवण आली असेल, धरून बसला असेल थोडा वेळ. असं तिनं स्वतःला समजावलंही असतं. पण तिनं नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. आतलं ग्रीससुद्धा पुसून काढलेलं, लख्ख. आठवण आलेला माणूस बाहेरून हात फिरवतो. आत काहीतरी घालायचं असेल तरच आतून पुसतो.

मग तिची नजर स्टुलावर गेली. बाबांचं स्टूल टेबलाजवळून हलून खिडकीशी आलं होतं. खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. छातीवर हात दाबत बाबा तिथंच चालत गेले होते. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळी दिली आणि घरी पाठवलं. बाबा रस्ता ओलांडून दुकानात आले, टेबलावर डोकं टेकलं ते पुन्हा उचललंच नाही. तेव्हापासून खाऱ्यानं डॉक्टरांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आधी तिला तो समजूतदारपणा वाटला होता.

"काय ताई, दुकान उघडलंस?" दारातून आवाज आला. "कोण गिऱ्हाईक आलं, उंदीर?"

"पुड्या बघत होते," ती म्हणाली. पेटी तोवर बंद झाली होती.

"बघ बाई. मी आपला लांबच बरा."

हात पाठीमागं बांधून तो हसला. तिला वाटलं, विचारावं. पण विचारलं की पेटी हलणार, आणि मग ती कुठं शोधायची? घोडा लपवला तर तो दुसरा घडवेल, तेवढं पाहून पाहून शिकला होता. नळी मात्र घरी होत नाही.

तो कामावर गेला तशी तिनं दार लावलं. बाबांनी कधी करू नका म्हणून सांगितलेलं सगळं तिनं एकेक करून केलं. तेल गरम पाण्यानं धुतलं. एका तोंडाला लाकडी बूच ठोकलं. व्हिनेगरमध्ये मीठ विरघळवून नळी काठोकाठ भरली आणि कपाटामागं उभी केली. रोज त्याच्या येण्याआधी नळी रिकामी करून पेटीत, तो गेला की पुन्हा कपाटामागं. पाणी आधी पिवळं आलं, मग चहासारखं. ती रडली नाही. हात मात्र सारखे धूत राहिली.

पुढच्या सुट्टीच्या सकाळी खाऱ्यानं तिला दुकानात हाक मारली. नळी त्याच्या हातात होती.

"बघ काय झालं."

आत प्रकाशाच्या गोल कड्या दिसायच्या, तिथं आता खरबरीत काळपट तपकिरी. काडतूस तर सोडाच, फडकंही अडकलं असतं.

तिनं तयार ठेवलेलं वाक्य म्हटलं. "तू हात लावलास का रे? तुझा हातच तसला. बाबा म्हणायचे ना."

तो हसला. जरा जास्तच वेळ. मग त्यानं तर्जनी नळीच्या तोंडात घातली. पहिल्या पेराला अडकली.

"माझं बोट इथवर जातं, ताई. गंज पार तळापर्यंत आहे."

समोर दवाखान्याचं शटर खडखडत वर गेलं.

"बाबांची शेवटची होती ना गं ही?"

"हो."

"आणि तू..." त्यानं नळी मेणकागदात गुंडाळली, घडी वरच ठेवली, पेटी लावली. मग खिडकीशी स्टुलावर जाऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे. पलीकडे डॉक्टर पायरीवर उभे राहून चष्मा पुसत होते, आणि खाऱ्या पापणी न हलवता पाहत होता.

तिनं कोपऱ्यातला खोका ओढला. त्याच्या शेजारी, तो आणि दार यांच्या मधे ठेवला. आणि बसली.