ओडेलकाकांची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. टेक्सासच्या टेकड्यांत चाळीस हिवाळे मी ओडेल क्रेब्स या शिकाऱ्याच्या गळ्यात काढले.

आमच्या रानात एक नियम कडक होता. पाच वर्षांच्या आतलं नर हरीण मारायचं नाही. जो मारेल त्याची पुढच्या वर्षीची शिकार बंद. दुरून वय ओळखण्यात ओडेलचा हात धरणारा कुणी नव्हता. "शिंगांवर जाऊ नका, शिंगं फसवतात," तो सांगायचा. "अंग बघा. कोवळ्याचे पाय लांब दिसतात, मान बारीक. वय झालं की मान छातीत मिसळते, पोट सुटतं आणि पाय आखूड वाटायला लागतात." लोक त्याची वाहवा करत आणि मी फुलून जाई.

मग त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. त्याच वर्षी मी खडकावर आपटले आणि माझ्या डाव्या काचेत ओल शिरली. त्याने ना डोळा दाखवला, ना मला दुरुस्तीला दिलं.

त्या मोसमात त्याची पुतणी मार्लिस पहिल्यांदाच शिकारीला आली. ती शाळेची बस चालवायची. सकाळी ओकच्या झाडाखाली एक नर येऊन उभा राहिला.

"काका, पाय लांब वाटतात हो याचे."

"अगं, तुझ्या जन्माआधीपासून हरणं बघतोय मी. सहा वर्षांचा थोराड नर आहे. मार."

"नीट दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय म्हणतोय ना!"

माझ्या उजव्या काचेत ती बारीक मान स्वच्छ दिसत होती. पण ओडेलचा नेमका उजवाच डोळा गेला होता. मार्लिसने गोळी झाडली.

तळावर रानाचा कारभारी वेल्डन याने हरणाचा जबडा उघडला. "अडीच वर्षांचं पोर आहे हे! दाढांची धार अजून बोटाला लागतेय. कुणी मारायला सांगितलं?"

मार्लिसने काकाकडे पाहिलं.

"पोरीने घाई केली," ओडेल म्हणाला.

 ती खाली बसून हरणाचं कातडं काढू लागली. मी ओडेलच्या छातीवर लोंबत होते. आतली धडधड मला कळत होती.

पुढच्या मोसमात शिकार बंद झालेली मार्लिस सोडून सगळे न्याहारीला जमले, तेव्हा ओडेल उभा राहिला. "मार्लिसला बोलवा. तिला बरोबर दिसलं होतं. मला दिसत नव्हतं."

"मग वर्षभर आम्ही तिला जे बोललो ते?" वेल्डनने विचारलं.

"ते माझ्या वाट्याचं होतं."

तो तसाच मार्लिसकडे गेला. ती बस धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "दुर्बीण ठेवून जा," ती म्हणाली. "तुम्हाला माफ केलंय की नाही, ते मलाच अजून ठाऊक नाही. पण आधी डोळा दाखवा."

तिने मला दुरुस्त करून आणलं. आता दोन्ही काचांतून लख्ख दिसतं. दिसत नाही तो फक्त ओकखालचा तो कोवळा नर.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू सांभाळा, त्यांच्या काचा पुसत जा. पण दिसेनासं झालं, तर तेही मोकळेपणी सांगा. समोर कुणाचा तरी जीव उभा असतो.