एका घराला एक मत

मंजिरीचे पत्र सात आठवडे माझ्या चिमट्यात अडकून होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. मित्रांनो, मी परीक्षेचा जुना पॅड. एक दाबलेला पुठ्ठा आणि एक गंजका चिमटा, एवढेच माझे अंग. माझे कोणी ऐकावे असे माझ्यात काही नाही, पण ते पत्र मला टोचत होते, म्हणून सांगतो.

पुण्यात कॉलेजात जाणाऱ्या पद्माकरने मला विकत घेतले. त्याचे सगळे पेपर माझ्यावर लिहिले गेले. पुढे तो हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी झाला, तेव्हा सभांची इतिवृत्तेही. ‘या पॅडशिवाय माझे अक्षर नीट येत नाही,’ असे तो म्हणे. तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

म्हातारपणी पद्माकरकाका मुलीकडे ऑस्ट्रेलियात वेरिबीला आले आणि बॅगेच्या तळाशी मीही आलो. इथे मराठी मंडळ निघाले, तेव्हा सगळे म्हणाले, काका, नियम तुम्हीच लिहा. त्यांनी माझ्यावर कागद ठेवून लिहिले, ‘एका घराला एक मत.’ मग मी पुस्तकांच्या कपाटामागे पडलो, तो मंजिरीचे पत्र येईपर्यंत.

मंजिरी मंडळाची मराठी शाळा चालवते. काका व्हॉट्सॲप बघत नाहीत, म्हणून तिने टपालाने पत्र पाठवले. ‘आमच्या घरचे मत विवेक देतो. नवरा म्हणून तो वाईट नाही, पण मला विचारत नाही. पुढच्या सभेत मी नियम बदलायचा ठराव मांडणार आहे. कमिटी म्हणते, काकांनी विचार करूनच लिहिले असेल. काय विचार होता, सांगाल?’

विचार नव्हताच, मित्रांनो. मी साक्षीदार आहे. पुण्याच्या सोसायटीत एका फ्लॅटला एक मत असे. काकांनी तेच वाक्य उतरवून घेतले, फक्त ‘फ्लॅट’च्या जागी ‘घर’ केले. हे कबूल कसे करावे? ‘चि. सौ. मंजिरी’ एवढे लिहून त्यांनी चार कागद फाडले.

त्यांची नात उर्वी तेव्हा शाळेचा प्रोजेक्ट करत होती. १८९१ साली इथल्याच बायकांनी दारोदार जाऊन मताच्या हक्कासाठी जवळजवळ तीस हजार सह्या गोळा केल्या, कापडावर चिकटवून त्यांची भलीमोठी गुंडाळी केली, असे ती सांगत होती. कर आम्हीही भरतो, कायदा आम्हीही पाळतो, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. काकांनी हळूच विचारले, “आणि दार उघडले नाही तर?”

“देन दे केम बॅक, आजोबा.” तरी मत मिळायला सतरा वर्षे लागली, असेही ती म्हणाली.

शनिवारी मंजिरी सह्यांचा कागद घेऊन दारात आली. काका पडद्यामागे उभे राहिले आणि झोपलो म्हणून सांग, असे त्यांनी उर्वीला खुणावले.

“भांडायला नाही आले गं,” मंजिरी म्हणाली. “काकांनी सही नाही केली तरी चालेल. का लिहिलं, एवढंच कळू दे.”

ती गेल्यावर उर्वी म्हणाली, “यू वेअरन्ट अस्लीप.” काकांची मान खाली गेली.

मग त्यांनी मला मांडीवर घेतले. माझ्यावर असूनही अक्षर वाकडे आले. ‘मी विचार केला नव्हता. सोसायटीचा नियम उतरवला. घरात माणसे असतात, हे माझ्या लक्षात आले नाही. हे पत्र सभेत वाचून दाखव.’

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा न जपा. पण तुमच्या हातून लिहिल्या गेलेल्या शब्दाबद्दल कोणी विचारायला आले, तर त्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नका. सभेत काय होईल, मला माहीत नाही. काकांनाही नाही. मला काखेत घेऊनच ते टपालपेटीपाशी गेले आणि फटीत पाकीट अर्धे घालून बराच वेळ धरून उभे होते. मग त्यांनी बोटे सोडली.