वस्तूआधी कापलेली चौकट

“कोपरा पुन्हा उघडा राहिला. या करवतीला आता पेन्शन द्या कुणीतरी.” शेजारी काच पुसत बसलेल्या मला तेवढं ऐकू येईल, अशा बेतानं आमचे हे पुटपुटले.

आमचं फ्रेमचं दुकान. कोपरे कापायच्या मशीनसाठी आम्ही कधीपासून पैसे बाजूला टाकत होतो. माझ्यापेक्षा यांचा उजवा खांदाच त्या मशीनची जास्त वाट बघत होता. अशात लेकीला दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. फी शिष्यवृत्तीतून सुटणार होती; राहण्याजेवणाचं आपलं आपण बघायचं.

त्या दिवसापासून घरात सगळं बोलून झालं. तिकडची थंडी, वसतिगृहातलं पाणी, पांघरुणं एक की दोन. लेक म्हणाली, लॅबमधली नोकरी बरी चाललीय, पुढच्या वर्षी बघू. तिचा दादा म्हणाला, शिकून शेवटी पाणीच तपासणार ना, ते तर आताही तपासतेस. त्यावर तिनं त्याला उशी फेकून मारली. कर्ज तिला नको होतं. नोकरी लागायच्या आत हप्ते मानगुटीवर बसतील म्हणाली. हे तरीही चौकशीला म्हणून बँकेपर्यंत गेले आणि सुतळीचा गुंडा घेऊन परत आले. मशीनचं नाव मात्र कुणी काढेना. मी तरी कुठे काढलं? एका डोळ्यापुढे लेक, दुसऱ्यापुढे यांचा खांदा.

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. फ्रेम करायची वस्तू हातात आल्याशिवाय चौकटीची पट्टी कापायची नाही. लोक फोनवर माप सांगतात आणि घेऊन येतात भलतंच. या नियमापायी यांनी सख्ख्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या भावाला, दारातून परत पाठवलंय.

सुट्टीच्या दिवशी लेक आणि तिचा दादा काचा रचायला दुकानात आले. मागच्या फळीवर तिला एक चौकट सापडली. सागाची पट्टी, आम्ही ती सगळ्यांना दाखवतो, महाग म्हणून घेत कुणीच नाही. चारही कोपरे असे बसलेले, की नख शिरू नये. आत काहीच नाही.

“बाबा, ही कुणाची? वस्तू कुठाय?”

हे करवतीचं पातं पुसत राहिले. मग म्हणाले, त्या विद्यापीठाची एक पदवी मागे फ्रेमला आली होती, माप लक्षात होतं. वस्तू यायचीय अजून.

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य पश्चिमेला उगवलाय. मी मात्र ते कोपरे बघत होते. त्या दुखऱ्या खांद्यानं, त्या म्हाताऱ्या करवतीनं कापलेले. माझी मान आपोआप ताठ झाली.

लेकीनं एका कोपऱ्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“मला जायचंय, बाबा,” ती म्हणाली. “आणि त्यासाठी मशीनचे पैसे लागतील.”